आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: कायद्यातले ७२ तास सिव्हिलमध्ये कुठे काढायचे?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. आयुक्त, आरोग्य सेवा
राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाचे सर्व सदस्य

स. न. वि. वि.

मागणी आधीच सांगते, म्हणजे पत्र कोणाच्या टेबलावर पाठवायचं ते ठरवायला सोपं जाईल. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कॅज्युअल्टीला लागून सहा ते आठ जणांची सोय असलेला एक छोटा कक्ष हवा. मन हाताबाहेर गेलेल्या माणसाला तिथं काही तास, फार तर तीन दिवस ठेवता यावं. त्याला औषध मिळावं, झोप मिळावी, कुणीतरी शेजारी बसून बोलावं. मग घरी पाठवायचं, वॉर्डात हलवायचं की मनोरुग्णालयात, ते शांतपणे ठरावं.

मी निवृत्त परिसेविका. नोकरी मराठवाड्यातल्या सिव्हिलांमध्ये झाली, त्यातली बरीचशी कॅज्युअल्टीत. कुठल्या गावी ते लिहीत नाही. ज्यांच्याबरोबर रात्री काढल्या त्यांच्यावर खापर फोडायला हे पत्र नाही, आणि मी सांगते तसं किती ठिकाणी चालतं ते आपल्याच खात्यातल्या कुठल्याही जुन्या सिस्टरला विचारलं तरी कळेल.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ साली संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यातलं कलम ९४ तातडीच्या उपचारांचं आहे. माणसाच्या जिवाला किंवा प्रकृतीला कायमचा धोका असेल, तो स्वतःला किंवा दुसऱ्याला गंभीर इजा करील अशी स्थिती असेल, किंवा आजारामुळे मालमत्तेची मोठी नासधूस होणार असेल, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर उपचार सुरू करू शकतो. मनोविकारतज्ज्ञच हवा, अशी अट नाही. नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे रुग्णाच्या वतीनं निर्णय घेणारा माणूस, हजर असेल तर त्याची संमती घ्यायची. या कलमाखाली विजेचे शॉक देता येत नाहीत. आणि मुदत आहे ७२ तास, किंवा मानसिक आरोग्य आस्थापनेत (मनाच्या आजारांवर उपचार करणाऱ्या रुग्णालयात) तपासणी होईपर्यंत, यातलं जे आधी होईल ते.

म्हणजे आपल्या सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत रात्रपाळीला असलेल्या, नुकत्याच एमबीबीएस झालेल्या बंधपत्रित डॉक्टरला हे अधिकार आहेत. त्याला बहुतेक वेळा ते ठाऊक नसतं. ठाऊक असलं तरी तो करणार काय? ७२ तास द्यायला त्याच्याकडे जागा कुठली? कॅज्युअल्टीत आठ स्ट्रेचर, त्यातल्या दोनांवर अपघाताचे पेशंट, एकावर छातीत दुखणारे आजोबा.

आमच्याकडे येणाऱ्या अशा रुग्णांची पहिली तऱ्हा ही. रात्री दीडला जीप येते. मागं चौघं बसलेले आणि मध्ये दोरीनं बांधलेला पंचविशीतला पोरगा. तीन-चार रात्री तो झोपलेला नसतो. मनगटात नवे काळे दोरे असतात, कपाळाला अंगारा असतो, ओठ फुटलेला असतो. बरोबरच्यांचेही डोळे तांबारलेले. एक इंजेक्शन दिलं जातं, पोरगा गुंगतो, आणि केसपेपरवर लिहिलं जातं: पुढील उपचारांसाठी रवाना. पुढील म्हणजे कुठे? राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. नांदेडच्या माणसाला येरवडा चारशे किलोमीटरच्या पुढे पडतं. नंदुरबारवाल्याला ठाणंही जवळ नाही. जीपवाला दुप्पट भाडं सांगतो, बापाकडे तेवढे पैसे नसतात, इंजेक्शनचा अंमल किती वेळ टिकेल याची खात्री नसते. मग जीप पुण्याच्या रस्त्याला न लागता पुन्हा गावाकडे वळते. रेफर झालेल्यांतले किती जण खरोखर पोचले, याची नोंद आमच्या रजिस्टरमध्ये करायची पद्धतच नव्हती.

साप चावलेल्या माणसाला पुण्याला न्या, असं आपण म्हणत नाही. लस तालुक्याला, आता प्राथमिक आरोग्य केंद्रातही ठेवतो, कारण पहिले काही तास महत्त्वाचे असतात हे आपल्याला पटलेलं आहे. मनाच्या आणीबाणीचे पहिले काही तास मात्र आपण रस्त्यावर घालवतो.

आणि त्या पोराला मनाचाच आजार आहे हे तरी कुणी ठरवलं? बडबडतो, कपडे फाडतो, नसलेली माणसं दिसतात, एवढ्यावरून गाव म्हणतं डोक्यावर परिणाम झाला, आणि घाईत आम्हीही तेच लिहितो. पण दारू दोन दिवसांपूर्वी अचानक सोडलेला माणूस अगदी असाच दिसतो. रक्तातलं सोडियम घसरलेल्या आजी अशाच वागतात. मेंदूज्वर, साखर कमी होणं, बाळंतपणानंतरचा ताप यांतही हेच दिसतं. दारू सोडून थरथरणाऱ्याला ग्लुकोज लावण्याआधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. हे सगळं तपासायला रक्ताचे रिपोर्ट लागतात, दर दोन तासांनी नाडी-ताप बघणारी सिस्टर लागते, आणि बारा-चोवीस तासांची सवड लागते. म्हणून हा कक्ष कॅज्युअल्टीला चिकटून हवा. आवाराच्या मागच्या टोकाला, शवविच्छेदनगृहाच्या शेजारी रिकामी पडलेली इमारत त्याला चालणार नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण जागा शोधायला निघालं की पहिलं बोट नेमकं तिकडेच दाखवलं जातं.

दुसरी तऱ्हा आपल्या राज्यात सगळ्यांत जास्त, आणि तिच्याकडे मनाचा रुग्ण म्हणून कुणी बघतच नाही. फवारणीचं औषध घेतलेला माणूस. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांतल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, सर्व राज्यांत सर्वाधिक. जे वाचतात ते या आकड्यात नसतात. ते आमच्या मेडिसिन वॉर्डात असतात. विषावरचं अ‍ॅट्रोपिन चालू होतं, डॉक्टर-सिस्टर जिवाचं रान करतात, माणूस वाचतो. पाचव्या दिवशी पोट साफ, रिपोर्ट नॉर्मल, डिस्चार्ज. मधल्या काळात त्याच्याशी सविस्तर बोलणारा माणूस एकच, जबाब घ्यायला आलेला हवालदार. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, नोंदवलेली असते ना.

आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं, त्याच्यावर खटला चालवायचा नाही आणि त्याची काळजी, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी, असं मानसिक आरोग्याच्या याच कायद्याचं कलम ११५ सांगतं. अशा प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं भारतीय दंडसंहितेतलं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत उरलेलंही नाही. (सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६ मध्ये गुन्हा ठेवला आहे.) तरी वॉर्डात अजून ऐकू येतं, ‘खरं सांगू नको, केस होईल.’ मग घरचे सांगतात, चुकून पाण्याची बाटली समजून प्यायला. केसपेपरवर तेच उतरतं आणि बोलायचा दरवाजा बंद होतो.

या माणसासाठी फार मोठं काही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत केलेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातलं एक केंद्र आपल्या चेन्नईचं होतं. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर कॅज्युअल्टीत आलेल्या १,८६७ लोकांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटातल्या माणसाशी सुटीच्या सुमारास तासभर बोलणं झालं आणि पुढच्या अठरा महिन्यांत नऊ वेळा फोन करून किंवा भेटून विचारपूस झाली. अठरा महिन्यांनंतर पहिल्या गटात आत्महत्येनं २.२ टक्के लोक गेले होते, दुसऱ्यात ०.२ टक्के. ना महागडं यंत्र, ना नवं औषध. पण तासभर बोलायला वॉर्डातली जमिनीवरची गादी चालत नाही, जिथं डाव्या हाताला दम्याचा पेशंट खोकतोय आणि उजवीकडे सासू बसून सगळं ऐकतेय. सलाईन सुटल्यावर एक-दोन दिवस त्या माणसाला या कक्षात आणायचं आणि तिथून पुढच्या फोनांची यादी सुरू करायची.

तिसरी तऱ्हा पोलिसांनी आणलेल्यांची. बसस्टँडवर भटकणारी बाई, नाव सांगत नाही, भाषा कळत नाही. मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०० प्रमाणे तिला शक्य तितक्या लवकर, २४ तासांच्या आत, जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचं आणि कोणत्याही परिस्थितीत लॉकअपमध्ये ठेवायचं नाही. महिला कॉन्स्टेबल तिला घेऊन येते. आम्ही म्हणतो बेड नाही, ती म्हणते माझी ड्यूटी संपली. पहाटेपर्यंत दोघी बाकावर बसून असतात. कक्षात बायकांची बाजू वेगळी हवी, तिचं बाथरूमही वेगळं हवं. त्यावर मी अधिक लिहीत नाही. रात्रपाळी केलेल्या बाईला त्याचं कारण सांगावं लागत नाही.

असे कक्ष जगात नवे नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात मोठ्या रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीला जोडून मानसिक आणीबाणीची छोटी केंद्रं आहेत. चार-सहा खाटा, आणि मुक्काम साधारण ४८ तासांपर्यंत. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या अलामेडा परगण्यात एक सामाईक केंद्र चालतं. आसपासच्या पाच रुग्णालयांच्या कॅज्युअल्टींतून तिथं येणाऱ्यांचा अभ्यास २०१४ मध्ये छापून आला. कॅज्युअल्टीत ताटकळण्याचा वेळ सरासरी १ तास ४८ मिनिटांवर आला होता. एरवी त्या राज्यात तो दहा तासांच्या घरात होता. केंद्रात आलेल्यांपैकी शंभरात साधारण पंचाहत्तर लोक भरती न होताच घरी गेले. इटलीनं १९७८ च्या कायद्यानं मोठी मनोरुग्णालयं बंद करायला घेतली, तेव्हा सर्वसाधारण रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाला १५ खाटांची कमाल मर्यादा घातली. ती मर्यादा मला फार आवडते. विभाग फुगला की त्याचं कोठार होतं, हे त्यांनी आधीच ओळखलं होतं.

यात दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. अलामेडाचा अभ्यास करणारे डॉक्टर त्याच केंद्राशी संबंधित होते. आणि इंग्लंडमध्ये अशा कक्षांचा अभ्यास झाला तेव्हा सगळीकडे सारखा फायदा दिसला नाही. तेव्हा कक्ष उघडला की मनोरुग्णालयावरचा भार निम्मा होईल, असं वचन मी आपल्याला देणार नाही आणि आपणही विधानसभेत देऊ नये. माझा मुद्दा भाराचा नाहीच. मनाचा आजार असलेल्यांना तातडीची सेवा आणि रुग्णवाहिका शरीराच्या आजारासारखीच, त्याच दर्जाची मिळाली पाहिजे, असं मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २१ म्हणतं. आज ती मिळत नाही. एवढं कारण पुरेसं आहे.

खोली कशी असावी यावर बाहेरच्या लोकांनी बराच विचार केलाय. अलामेडाच्या धर्तीवरच्या कक्षांत एक मोठी खोली, रांगेनं मागे रेलणाऱ्या खुर्च्या, मोकळं फिरायला जागा, आणि नर्स काचेच्या मागे न बसता रुग्णांमध्येच. खुर्च्यांचं आपण बघू. आपल्याकडे माणसाला आडवं व्हायला आवडतं, खाटाच ठेवा. पण काच नको, हे मात्र शंभर टक्के खरं. जाळीआड बसलेल्या सिस्टरला बघून माणूस जास्त भडकतो, हे मी बघितलंय. जवळ जाऊन नाव विचारलं, पाणी दिलं, बांधलेली दोरी सगळ्यांदेखत सोडली, की निम्मे जण खाली बसतात. उरलेल्यांना औषध लागतं आणि त्याचंही शास्त्र आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात २०० रुग्णांवर झालेला अभ्यास २००४ मध्ये आला. हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन एकत्र दिल्यावर माणूस एकट्या लोराझेपामपेक्षा लवकर शांत होतो आणि झोपतो, असं त्यात दिसलं. ही औषधं स्वस्त आहेत. आमच्याकडे ती असायची, पण कुलपात, आणि किल्ली रात्री घरी गेलेल्या फार्मासिस्टकडे.

बाहेरच्या नमुन्यात जे नाही आणि आपल्याला लागेल, ते म्हणजे नातेवाइकांची जागा. आपल्याकडे पेशंट एकटा येत नाही आणि एकटा राहत नाही. आई रात्रभर उशाशी बसते, मामा बाहेर तंबाखू मळत उभा असतो. या लोकांना ‘बाहेर थांबा’ म्हणून कक्ष चालणार नाही. एका पेशंटमागे एक माणूस आत, त्याला पाठ टेकायला जागा आणि सकाळी चहा. कधी कधी मात्र तोच नातेवाईक दुखण्याचं मूळ असतो. सुनेनं औषध घेतलं आणि उशाशी नवरा बसलाय, हे आम्ही रोज बघायचो. तेव्हा त्याला प्रेमानं बाहेर काढायचं आणि महिला समुपदेशकाला बोलवायचं, हे कक्षाच्या नियमांतच लिहिलेलं असावं, सिस्टरच्या धाडसावर सोडू नये.

आता आपले अधिकारी फाइलवर काय लिहितील ते मला माहीत आहे. पहिला शेरा: जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात दहा खाटा आहेतच. आहेत, जिथं आहेत तिथं. पण त्या दिवसाच्या ओपीडीला जोडलेल्या आहेत. तज्ज्ञ दुपारी दोनपर्यंत, आणि आठवड्यातले काही दिवस तालुक्याच्या शिबिरांना. रात्री दीडच्या जीपला त्या दहा खाटांचा उपयोग होत नाही. दुसरा शेरा: मनोविकारतज्ज्ञ मिळत नाहीत. खरंय, मिळत नाहीत, आणि पुढची दहा वर्षं प्रत्येक सिव्हिलला रात्रीचा तज्ज्ञ मिळणारही नाही. म्हणूनच कलम ९४ मध्ये ‘कोणताही नोंदणीकृत डॉक्टर’ लिहिलंय. त्याच्या पाठीशी फोनवर तज्ज्ञ द्या. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन चालू आहे, १४४१६ हा क्रमांक आता बऱ्याच लोकांना पाठ आहे, आणि त्या रचनेत वरच्या पायरीला तज्ज्ञ बसलेले आहेत. तीच पायरी कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरसाठी खुली करा: स्वतंत्र लाइन आणि तज्ज्ञाच्या सल्ल्याची केसपेपरवर नोंद. म्हणजे रात्रपाळीच्या त्या तरुण डॉक्टरला एकटं वाटणार नाही. एकट्या पडलेल्या डॉक्टरला रेफर करणंच सगळ्यांत सुरक्षित वाटतं.

नर्सबद्दल एवढंच: तीन महिन्यांनी बदली होणाऱ्या सिस्टरवर हा कक्ष चालत नाही. प्रशिक्षण देऊन किमान दोन वर्षं तिथंच ठेवा. वॉर्डबॉय आणि मावशींनाही तेच प्रशिक्षण द्या, कारण पेशंटला पहिला हात तेच लावतात.

तिसरा शेरा कुणी लिहिणार नाही, पण तो सगळ्यांत गंभीर आहे, म्हणून मीच लिहिते. हा कक्ष उद्या कोंडवाडा होऊ शकतो. ७२ तासांचे चार दिवस, चारचा आठवडा. सोडायला नातेवाईक आले नाहीत म्हणून महिना. कलम ९४ उपचाराची मुभा देतं, ते डांबून ठेवण्याचा परवाना नाही. त्यामुळे दारावर प्रत्येकाच्या येण्याची वेळ लिहिलेली हवी आणि ७२ तास उलटलेल्या प्रत्येक माणसाची माहिती त्याच दिवशी जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे, म्हणजे रुग्णांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या मंडळाकडे, गेली पाहिजे. बांधून ठेवल्याची, कोंडल्याची प्रत्येक नोंद तशीच. मंडळ जिथं नुसतं कागदावर असेल तिथं आधी मंडळ बसवा, मग कक्ष उघडा.

आणखी एक अडचण खात्यांची आहे. गेल्या काही वर्षांत बऱ्याच जिल्ह्यांतली सिव्हिलं नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांना जोडली गेली. इमारत तीच, कॅज्युअल्टी तीच, पण साहेब आता वैद्यकीय शिक्षण विभागाचे, आणि मानसिक आरोग्य कार्यक्रम राहिला सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. एका बाजूनं विचारलं की दुसरीकडे बोट. शासन निर्णय दोन्ही विभागांच्या सह्यांनी निघाला नाही, तर हा कक्ष त्या फटीत पडेल. वास्तविक महाविद्यालय असेल तिथं काम सोपं व्हायला हवं, कारण तिथं मानसोपचार विभाग असतो.

सगळ्या जिल्ह्यांत एकदम सुरू करा, असं मी म्हणत नाही. चार मनोरुग्णालयांपासून सर्वांत लांब असलेल्या जिल्ह्यांपासून सुरुवात करा; मराठवाडा आणि खानदेश आधी. पुण्या-मुंबईत सोय कमी आहे, पण आहे.

त्याआधी, एका पैशाचाही खर्च न करता होणारं एक काम आहे. गेल्या वर्षात प्रत्येक जिल्हा रुग्णालयातून किती जणांना मनोरुग्णालयात रेफर केलं, किती वाजता, कुठल्या वाहनानं पाठवलं, आणि त्यांतले किती तिथं पोचले, ही माहिती मागवा. शेवटचा रकाना बहुतेक जिल्हे भरू शकणार नाहीत. तो कोरा राहिला तरी तसाच प्रसिद्ध करा, आणि पहिले कक्ष कुठं हवेत ते त्यावरूनच ठरवा.

आपली नम्र,
एक निवृत्त परिसेविका
मराठवाडा